आरसा तीनदा पडला

पहिल्यांदा आरसा पडला तेव्हा गाडीत कोणीच नव्हते. मे महिन्यातील एका शनिवारी दुपारी मी पवईतील कार्यालयातून बाहेर पडले, सकाळपासून उघड्यावर तापत उभ्या असलेल्या गाडीचे दार उघडले आणि चालकाच्या सीटवर आतला आरसा पालथा पडलेला दिसला. उचलून पाहिला, फुटला नव्हता. त्याच्या दांड्याच्या टोकाला अंगठ्याच्या नखाहून थोडे मोठे असे धातूचे बटण घट्ट बसलेले होते. म्हणजे आरसा बटणातून निसटला नव्हता, तर बटणच काचेवरून सुटले होते, आणि काचेवर त्याच्या जागी एक धुरकट चौकोन तेवढा उरला होता. चौदा वर्षे जुन्या गाडीत काहीतरी सुटणार, हे मी गृहीतच धरले होते; फक्त ते डोळ्यांसमोरचे असेल असे वाटले नव्हते.

पवईहून विक्रोळीपर्यंतचा रस्ता मी रोज जाते-येते. त्या दिवशी मात्र जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर मेट्रो ६ च्या कामाच्या पत्र्यांमधून गाडी काढताना दर दहा-पंधरा सेकंदांनी नजर आपोआप वर जायची आणि रिकाम्या काचेवर आपटून परत यायची. बाहेरचे दोन आरसे होतेच, पण ते बहिर्गोल असतात. त्यांत दिसते जास्त, परंतु मागची गाडी आहे त्याहून लांब वाटते. आतला आरसा सपाट असल्याने मागच्याचे खरे अंतर तोच सांगतो. त्याच संध्याकाळी बाजारात जाताना नवरा मागच्या सीटवर बसून ‘मागून रिक्षा येतेय, थांब’ अशी खबर देत राहिला. १९११ साली इंडियानापोलिसच्या पहिल्या पाचशे मैलांच्या शर्यतीत बाकीचे चालक शेजारी मेकॅनिक बसवून हेच काम त्याच्याकडून करून घेत होते आणि रे हॅरून नावाचा चालक गाडीला आरसा लावून एकटाच बसला होता, हे मी त्याला सांगितले. हॅरून जिंकला हे खरे. पण विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका थरथरत होता की त्यात फारसे काही दिसतच नव्हते, अशी कबुली त्याने पुढे दिली असे म्हणतात. आमच्याकडच्या पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्याला ते पटावे.

घरी सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, ‘फुटला नाही ना?’ आणि दुसरा, ‘माझी माळ कुठंय?’ आरशाच्या दांड्याला त्यांनी पंढरपूरहून आणलेली तुळशीची माळ अडकवलेली असे. माळेच्या वजनाने आरसा पडला, असे नवरा हळूच म्हणाला, तेव्हा घरातले वातावरण आणखी तापू नये म्हणून मी शनिवारी संध्याकाळीच आरसा चिकटवून टाकला होता. तो पहिला प्रयत्न. त्याचे वर्णन करायला लाज वाटते, पण केल्यावाचून पुढचे समजणार नाही.

दुकानातून क्षणात चिकटणाऱ्या डिंकाची छोटी ट्यूब आणली. वाण्याकडून आल्यावर गाडीची दोन्ही दारे उघडली, वर्तमानपत्राच्या बोळ्याने काच पुसली, बटणावर चार थेंब टाकले आणि अंदाजाने त्या धुरकट चौकोनावर दाबले. पाच मिनिटांत आरसा जागेवर होता. मी नवऱ्याला बोलावून तो ओढूनही दाखवला. यात किती चुका होत्या ते नंतर कळले. गाडी एसी लावून नुकतीच आणलेली असल्याने काच आतून गार होती, आणि दारे उघडताच बाहेरची मुंबईची दमट हवा आत येऊन त्या गार काचेवर न दिसेल इतकी दवाची साय धरत होती. हा डिंक मुळात ओलाव्यानेच घट्ट होतो. ओलावा जास्त मिळाला की काचेला नीट बिलगण्याआधीच तो वरच्यावर आळून बसतो. शिवाय तो आळला की काचेसारखाच ठिसूळ होतो. उन्हात काच आणि धातू तापतात, रात्री निवतात, आणि दोघांचे प्रसरण सारखे नसते. माझे बटण चुंबकाला चिकटले नाही, त्यामुळे ते लोखंडाचे नव्हते, जस्ताच्या मिश्रधातूचे असावे. जस्त काचेच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. पंचवीस मिलिमीटरच्या बटणात चाळीस अंशांच्या फरकाने होणारी तफावत मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकीच असते, पण न वाकणाऱ्या डिंकाच्या पातळ थराला ती रोज सोसावी लागते, आणि वर खड्ड्यांचे हादरे असतातच.

चार दिवसांनी, बुधवारी, आरसा पुन्हा सीटवर पालथा होता. या वेळी बटणावर पांढरी खरखरीत पापडी होती आणि काचेवर चौकोनाभोवती पांढुरका धूर पसरल्यासारखा डाग.

अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन केला तर पलीकडच्या मुलाने आरसा बदलून मिळेल असे सांगितले. आरसा चांगला आहे, फक्त चिकटवायचा आहे, हे मी तीन वेळा सांगितले आणि तीनही वेळा त्याने नव्या आरशाची किंमत सांगितली. मी फोन ठेवला.

दुसऱ्या प्रयत्नात मी स्वतःला शहाणी समजत होते. दोन ट्यूबमधले लगदे समान घेऊन कालवायचा इपॉक्सी आणला. काचेवरचा पांढरा डाग नेलपॉलिश रिमूव्हरने सैल करून काढला आणि त्याचे थेंब डॅशबोर्डवर पडून प्लास्टिक खराब होऊ नये म्हणून त्यावर ओला पंचा अंथरला. मग काच अगदी निर्मळ व्हावी म्हणून करोनाच्या काळातील, घरात अजून अर्धी बाटली पडून असलेल्या सॅनिटायझरने ती दोनदा पुसली. त्यात सत्तर टक्के अल्कोहोल आहे, याचा मला कोण भरवसा! इपॉक्सी आळायला वेळ लागतो म्हणून बटण चिकटपट्टीने जागेवर बांधून रात्रभर ठेवले. सकाळी पाहते तर ते दोन-तीन मिलिमीटर खाली घसरून तिरके बसले होते, पण बसले होते दगडासारखे. आरसा लावला. तो थोडा कललेला होता, त्यामुळे मागचा रस्ता नेहमी उताराचा वाटे. मी चालवून घेतले.

अकरा दिवस टिकला. बाराव्या दिवशी गांधीनगर जंक्शनच्या अलीकडे गाडी एका खाचेतून गेली आणि आरसा टक्कन सुटून आधी गियरच्या दांड्यावर आणि तिथून माझ्या पायाशी पडला. वाहतूक मुंगीच्या गतीने चालली होती म्हणून निभावले. ब्रेकच्या पेडलखाली चपलेच्या टोकाने आरसा चाचपडत बाजूला करताना जो घाम फुटला, तो उन्हाचा नव्हता. त्यानंतर मात्र मी हा विषय हसण्यावारी नेला नाही.

त्या शनिवारी मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेले. कुर्ल्यापासून कलिन्यापर्यंतच्या या रस्त्यावर गाडीचा कोणता भाग मिळत नाही ते विचारावे. दारे, बंपर, दिव्यांचे डोळे, सीटा, सगळे फुटपाथपर्यंत मांडलेले असते. तिथल्या काचा बसवणाऱ्या एका छोट्या दुकानात पन्नाशीचे एक गृहस्थ स्टुलावर बसून जुन्या विंडशील्डची रबरी कड कापत होते. मी पर्समधून बटण काढून त्यांच्या हातावर ठेवले आणि कोणता डिंक चांगला ते विचारले. त्यांनी डिंकाचे नावच काढले नाही. बटण उन्हाकडे धरून फिरवले आणि म्हणाले, ‘ताई, डिंकाला कशाला शिव्या देताय? हे बघा, डिंक सगळाच्या सगळा बटणावर आलाय. आणि त्याचं तोंड कसं गुळगुळीत आहे, काचेचा ठसा घेऊन आलाय. डिंक तुटला असता तर अर्धा इथं राहिला असता, अर्धा काचेवर. यानं काच धरलीच नव्हती.’

मी ते बटण आठवडाभर पर्समध्ये वागवत होते आणि एकदाही त्याच्याकडे असे पाहिले नव्हते. इपॉक्सीचा तो थर खरोखरच आरशासारखा चकचकीत होता. त्यात दुकानाच्या छताचा पत्रा दिसत होता.

काच कशाने पुसली, असे त्यांनी विचारले. मी अभिमानाने सॅनिटायझर म्हटले. त्यांनी मान हलवली. ‘हातांची कातडी कोरडी पडू नये म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात. अल्कोहोल उडून जातं, ते मागं राहतं. तेलकट काचेवर देवानं डिंक लावला तरी पडणार.’ डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे मारता का, हा त्यांचा दुसरा प्रश्न. त्यातील सिलिकॉन उडून काचेवर बसते आणि साध्या पुसण्याने निघत नाही. मारत होते, दर पंधरा दिवसांनी. कारखान्यात मूळ बटण कसे लावतात तेही त्यांनीच सांगितले: अनेक गाड्यांत ते प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याने उष्णता आणि दाब देऊन काचेवरच बसवलेले येते. तो पापुद्रा वर्षानुवर्षे ऊन आणि दमट हवा खात कडेपासून सुटत जातो. म्हणजे पहिल्या पडण्याचा दोष माळेकडे जात नव्हता, निदान पूर्णपणे नाही. माळेचे वजन ते काय, पण प्रत्येक खड्ड्याला ती झोका घेते आणि तो झोका दांड्याच्या टोकाला ओढतो, असेही ते म्हणाले, तेव्हा घरी यातले किती सांगायचे याचा मी विचार करू लागले.

तिथेच बसून त्यांनी कानशीने बटणावरचा इपॉक्सी दोन मिनिटांत उतरवला. त्याचे पैसे घेतले नाहीत. आरसा बसवून देतो, पण गाडी उद्यापर्यंत इथे ठेवावी लागेल, असे म्हणाले. ते मला जमणारे नव्हते, आणि खरे सांगायचे तर आता मला ते स्वतःच करायचे होते. मग त्यांनी खास आरशासाठी असलेले छोटे पाकीट काढून दिले, ज्यात एक नखाएवढी डिंकाची नळी आणि एक द्रवाची कुपी होती, आणि त्याबरोबर चार सूचना दिल्या. त्यांतली एक अशी की काच गरम करण्यासाठी ड्रायर किंवा हीट गन अजिबात लावायची नाही. पुढची काच म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो. एका जागी आच लागली तर पापुद्र्यात बुडबुडे येतात किंवा काचेला तडा जातो. माझ्या भाच्याने नेमका हाच उपाय सुचवला होता.

रविवारी सकाळी सात वाजता मी खाली उतरले. आदल्या रात्रीच गाडी इमारतीच्या पश्चिमेला लावून ठेवली होती, म्हणजे तिच्यावर सकाळचे ऊन येणार नव्हते, आणि रात्रभर एसी बंद असल्याने काच बाहेरच्या हवेइतकीच कोमट होती. पाऊस यायच्या आत हे काम उरकायचे होते. मुंबईत तो साधारण ११ जूनच्या सुमारास येतो आणि मग आठ-आठ दिवस काच कोरडी म्हणून सापडत नाही.

पहिला प्रश्न जागेचा. आतली खूण काचेबरोबर पुसली जाणार, म्हणून खूण बाहेरून करायची. मार्कर उन्हाने उडतो आणि माझा हातही सरळ चालत नाही. शेवटी पर्समधले टिकल्यांचे पाकीट काढले आणि जुन्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर बाहेरून चार मरून टिकल्या लावल्या. आत बसून पाहिले तर कोपरे अगदी नेमके दिसत होते. वॉचमन काका बराच वेळ गाडीकडे पाहत उभे होते; बहुधा पूजा असावी असे त्यांना वाटले.

मग काच. मी चालकाशेजारच्या सीटवर गुडघ्यांवर उभी राहिले, डॅशबोर्डवर पंचा अंथरला, काच थोडी ओली केली आणि ब्लेडचे पाते काचेला जवळजवळ आडवे टेकवून हळूहळू पुढे ढकलले. वाटले होते की काच स्वच्छच आहे. पण पात्यावर कांद्याच्या पातळ सालीसारखे पिवळट पापुद्रे गोळा होऊ लागले. तो कारखान्यातला मूळ थर होता, चौदा वर्षांचा, आणि माझे आधीचे दोन्ही डिंक त्याच्याच उरल्यासुरल्या तुकड्यांवर बसले होते. पाते जिथे नुसते घसरे तिथे काच, आणि जिथे किंचित अडखळे तिथे अजून पापुद्रा, असे बोटांना कळू लागले. पंधरा मिनिटे मी तेवढेच करत होते. हा भाग मला आवडला, हे कबूल केले पाहिजे.

त्यानंतर औषधाच्या दुकानातून आणलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्यात दुसरे काही घातलेले नसते. नव्या कापसाने पुसायचे, कापूस टाकायचा, दुसरा घ्यायचा. एकाच कापसाने पुसत राहिले तर तेल फक्त इकडचे तिकडे होते. चौथ्या कापसानंतर कुर्ल्याच्या त्या गृहस्थांनी सांगितल्याप्रमाणे काचेजवळ तोंड नेऊन ‘हा’ केले. वाफेचा पट्टा उमटला आणि त्यात एका कोपऱ्याजवळ बोटाच्या ठशाएवढी जागा वेगळी दिसली, जिथे वाफ धरतच नव्हती. ते सिलिकॉन असेल किंवा माझेच बोट. पुन्हा दोन कापूस, पुन्हा ‘हा’. या वेळी वाफ एकसारखी पसरली आणि एकसारखी विरली. बटणाची पाठही बारीक पॉलिश पेपरने घासली, चमक जाऊन ती राखाडी झाली तेव्हा अल्कोहोलने पुसली आणि मग ते फक्त कडांनी धरले.

बटणाची दिशा मी आधीच पाहून ठेवली होती. ते वर अरुंद आणि खाली रुंद असते. आरशाचा दांडा वरून खाली सरकतो आणि रुंद भागाशी अडकून बसतो. उलटे चिकटवले तर आरसा बसतच नाही, आणि तोपर्यंत डिंक आळलेला असतो.

कुपीतला द्रव काचेवर आणि बटणावर लावून मी तो वाळू दिला. याची गरज अशी की हा डिंक हवा मिळेनाशी झाल्यावर आणि धातूच्या संपर्कात घट्ट होणारा आहे; काच त्याला ती मदत करू शकत नाही, म्हणून ते काम हा द्रव करतो. द्रव लावलेल्या जागेला मग बोट लावायचे नाही, फुंकर घालायची नाही. दोन-तीन मिनिटांनी बटणावर डिंकाचा एकच थेंब टाकला. हात पुन्हा नळीकडे गेला होता, पण पहिल्या प्रयत्नातले ते चार थेंब आठवून मी नळी झाकून पर्समध्ये टाकली. थर जितका जाड तितकी मधली हवा आणि मधला कच्चा डिंक जास्त.

चार टिकल्यांच्या मध्ये बटण टेकवले आणि अंगठ्याने दाबून धरले. पूर्ण एक मिनिट, न हलवता. घड्याळ डाव्या मनगटावर आणि डावा हात सीटला टेकवलेला, म्हणून मी एकोणतिसाचा पाढा म्हणू लागले, कारण तो मला सावकाशच येतो. एकोणतीस सत्ते दोनशे तीन येईपर्यंत अंगठ्याचे नख पांढरे पडले होते आणि खांदा थरथरू लागला होता. थरथर अंगठ्यापर्यंत जाऊ नये म्हणून कोपर डाव्या हाताने तोलून धरले. पाढा दोनदा झाला. अंगठा अगदी हळू उचलला. बटण जागेवर होते, सरळ होते, आणि काचेच्या बाहेरून पाहिले तेव्हा त्याच्यामागे एकही बुडबुडा नव्हता.

फक्त कडेने बाहेर आलेला डिंकाचा धागा तासाभरानेही ओलाच होता, आणि त्याने माझी झोप उडवली. मग लक्षात आले की हा डिंक हवा लागते तिथे आळतच नाही. कडेला तो ओला राहणे हेच बरोबर. दुसऱ्या दिवशी तो कापसाने पुसून काढला.

पाकिटावर पंधरा मिनिटे लिहिले होते. कुर्ल्याच्या गृहस्थांनी एक दिवस सांगितला होता. मी सोमवारी रिक्षाने कार्यालयात गेले आणि आरसा सोमवारी संध्याकाळी लावला. दांडा वरून सरकवताना बटणाला धक्का बसू नये म्हणून काचेला बाहेरून आधार नवऱ्याने दिला. दांड्याचा छोटा स्क्रू चांदणीच्या तोंडाचा असतो. त्याची की शेजाऱ्यांकडे मिळाली. हा स्क्रू दोन बोटांनी जेवढा फिरेल तेवढाच फिरवायचा, कारण तो बटणातून थेट काचेला भिडू शकतो आणि जोर केला तर आरसा टिकतो पण काच तडकते. नवऱ्याला तो आणखी अर्धा फेरा द्यायचा होता. मी दिला नाही.

आरशात पाहिले तर सगळे मळके, अंधारलेले. क्षणभर वाटले की तीन वेळा पडून काचेवरचा मुलामा गेला. मग खालची बारीक कळ दिसली, जी पडताना कधीतरी रात्रीच्या बाजूला सरकली होती. आरशाची काच पाचरीच्या आकाराची असते. कळ ओढली की मागचे दिवे डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून फक्त पुढच्या पृष्ठभागाचे मंद, जेमतेम चार टक्क्यांचे प्रतिबिंब दिसते. कळ परत लावली आणि मागच्या सीटवर सासूबाई, माळ हातात घेऊन, स्वच्छ दिसल्या. माळ आता डॅशबोर्डवरच्या खाचेत असते. तसा तह झाला.

मंगळवारी सकाळी निघण्यापूर्वी बाहेरच्या टिकल्या काढल्या. तीन सहज निघाल्या. चौथी निघाली, पण तिचा डिंक दोन दिवसांच्या उन्हाने काचेला असा धरून बसला होता की नख चालेना, अल्कोहोल चालेना. शेवटी तिच्यासाठी पुन्हा ब्लेड आणायला वर जावे लागले.